पाण्यामागं आलेली माणसं

गेल्या काही वर्षांत आमच्याकडं पणजोबांचा भाव एकदम वधारला आहे. २०२३ च्या सप्टेंबरात न्यायमूर्ती संदीप शिंदे समिती नेमली गेली, कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला, आणि तेव्हापासून बारामती काय, इंदापूर काय, तहसील कचेरीच्या आवारात कानावर एकच विषय पडतो: १९६७ च्या आधीचा कागद. ज्यांना आजोबांचं लग्न कुठल्या साली लागलं ते ठाऊक नव्हतं, ती पोरं आता खापरपणजोबांच्या नावाची मोडी वळणं मोबाइलवर मोठी करून बघतात. मोडी वाचणाऱ्याला चहा पाजायला माणसं ताटकळतात. पेशवाई बुडाल्यापासून मोडीची एवढी बडदास्त कुणी ठेवली नसेल.

मी त्या गर्दीत शिरलो तो दाखल्यासाठी नव्हे, आत्यामुळं. नव्वदीच्या आसपासची आमची आत्या लहानपणापासून एकच गोष्ट सांगत आली आहे. “आपण हितले न्हाय. दुष्काळात पाण्यामागं आलोय.” तिच्या आजोबांचे वडील भीमेच्या पल्याडून निघाले ते बैलजोडी घेऊन. एक बैल वाटेत बसला तो उठला नाही, मग जुवाच्या दुसऱ्या टोकाला त्यांनी स्वतःचा खांदा दिला. नीरेच्या पाटावर माती उपसली आणि इथंच राहिले. कडेवर एक पोरगी होती, ती पाटाच्या कामावरच गेली. गोष्टीत साल नाही आणि पोरीचं नावही नाही, पण बैलाचं आहे: पवळ्या.

साल शोधणं अवघड नव्हतं. १८७६ ते ७८ च्या दुष्काळात इंदापूर, भीमथडी हा टापू पार करपून गेला. हातांना काम म्हणून सरकारनं जी कामं काढली त्यांत नीरेचा डावा कालवा होता, आणि १८८५ च्या सुमारास त्याला पाणी खेळायला लागलं. पुढं त्याच पाण्यावर बारामतीचा ऊस उभा राहिला. म्हणजे गोष्ट जमून येते. आता कागद हवा.

इंग्रज माणसाला असा कागद गावच्या चर्चमध्ये मिळतो. १५३८ साली आठव्या हेन्रीचा कारभारी थॉमस क्रॉमवेल यानं फर्मान काढलं, की प्रत्येक पॅरिशच्या पाद्र्यानं बाप्तिस्मा, लग्न आणि दफन यांची नोंद ठेवावी. त्यामुळं तिकडचा एखादा सुतार किंवा शेतमजूरसुद्धा, वह्या शाबूत असतील तर, आपल्या घराण्याचा माग शेक्सपिअरच्याही मागं नेऊ शकतो. गंमत अशी, की फर्मान निघालं तेव्हा तिथल्या लोकांना वाटलं होतं, हा नव्या पट्टीचा डाव आहे. तिथं ती भीती फुकट गेली. आमच्याकडं मात्र कागद म्हटलं की बहुधा वसुलीच.

त्यातल्या त्यात पॅरिशच्या वहीला जवळची म्हणजे कोतवाल बुक, गाव नमुना १४. गावातला जन्म आणि मृत्यू त्यात लिहायचा. मी पाहिलेल्या वहीच्या पानांच्या कडा हात लावला तर झडत होत्या, म्हणून बोटं वर न आणता मधूनच पान उचलायचं. १९१८ च्या पावसाळ्यापर्यंत एका पानावर दोन-तीन महिने मावतात. नंतर एकेक पान आठवड्यात भरतं, आणि मरणाच्या कारणाच्या रकान्यात वरपासून खालपर्यंत ‘ताप’. पहिल्या दोन-चार ओळींत शब्द पुरा लिहिलाय, पुढं नुसत्या खुणा. आत्याच्या तोंडी हीच ‘मानमोडी’, जिला जग इन्फ्लुएन्झा म्हणतं. मध्येच एका तारखेपासून अक्षर बदलतं, शाई फिकट होते. लिहिणाराच आडवा झाला असावा. त्या पानांवर आमच्या घरातली तीन मरणं आहेत, आणि त्यांतल्या एकाच मरणाची गोष्ट आमच्याकडं सांगितली जाते.

आमचे आले कधी, हे मात्र त्या वहीत नाही. त्यासाठी मागं जायला हवं, आणि मागं गेलं की सुपं आडवं येतं.

सुपं आज बारामती तालुक्यात आहे, तेव्हा भीमथडीत होतं. १२ मे १८७५, बाजाराचा दिवस. आसपासच्या गावांतले शेतकरी सावकारांच्या दुकानांवर चालून गेले आणि त्यांनी चोपड्या, खतं, हुकूमनामे बाहेर काढून पेटवले. अमेरिकेतल्या यादवीत चढलेला कापसाचा भाव कोसळला होता, १८६७ पासून इंदापुरानं सुरुवात होऊन सारा वाढवला गेला होता, आणि सरकारी कोर्ट सावकाराच्या मुठीत गेल्यासारखं झालं होतं. सुप्याची आग पुणे आणि नगर जिल्ह्यांत पसरली. १८७९ चा दख्खन शेतकरी कायदा त्यातूनच आला.

आता मी पडलो कागद हुडकणारा. जळालेल्या खतावर कुळाचं नाव, बापाचं नाव, गाव, साक्षीदार, खाली नांगराची निशाणी, म्हणजे मला हवं ते सगळं होतं. हळहळ वाटायला हवी. पण आमच्या भाऊबंदांतल्या कुणीतरी त्या दिवशी चोपडी फाडून दिली, असं घरात मोठ्या मिजाशीनं सांगितलं जातं, आणि मीही ते तसंच सांगतो.

सुप्याच्या आधीचा धागा मिळाला तो मोजणीत. इंदापूर तालुका महसुलाच्या इतिहासात प्रसिद्ध आहे, पण खुद्द इंदापुरात ते फारसं कुणाला ठाऊक नसतं. तिथं मालोजीराजांचं नाव निघतं, आणि ते साहजिकच आहे. तर प्रिंगलसाहेबानं १८३० च्या आसपास लावलेला सारा इतका जड झाला, की लोक जमिनी टाकून परागंदा झाले. मग १८३५ मध्ये गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी इंदापुरातच नव्यानं मोजणी केली: तेहतीस फुटी साखळी, मातीची खोली आणि रंग पाहून नऊ प्रती, सोळा आण्यांपासून दोन आण्यांपर्यंत, आणि तीस वर्षं आकार कायम. ही रीत पुढं साऱ्या मुंबई इलाख्यात गेली. आपला गुंठा त्याच साखळीचा: एक साखळी लांब, एक साखळी रुंद.

त्या काळच्या एका मोडी यादीत, गावच्या खातेदारांत, एका हलक्या नंबरापुढं एक नाव निघालं. आमच्या घरात दर दोन पिढ्यांनी फिरून येणारं नाव, आणि बापाचं नावही जुळणारं. म्हणजे पाटाच्या कामाआधी चाळीस वर्षं आमचं माणूस याच गावात जमीन धरून होतं. आत्याची गोष्ट खोटी पडली असं वाटून मी जरा चाचरतच तिला सांगितलं.

ती शेंगा फोडत होती. म्हणाली, “मग पयले आले आसतील, गेले आसतील, पुन्यांदा आले आसतील. दुष्काळ काय एकच पडलाय व्हय?”

खरंच, १८०२ मध्ये होळकरांच्या फौजांनी हा मुलूख तुडवला आणि पाठोपाठ दुष्काळ आला. नंतर प्रिंगलचा सारा. मग १८७६. माणसं भीमा ओलांडून जात-येत राहिली असणार, आणि सांगणाऱ्यांनी सगळ्या फेऱ्यांची एकच फेरी केली. बैल कुठल्या खेपेला मेला, देव जाणे. उजनी धरणात भीमाकाठची गावं गेली तेव्हा आत्यानं स्वतः बिऱ्हाड हलवलं. ते ती दुष्काळाच्याच गोष्टीला जोडून सांगते, मध्ये शंभर वर्षांची फट आहे हे तिच्या गावीही नसतं.

आमचं एवढं सापडलं ते जमीन होती म्हणून. भूमिहीनांचं काय, हा प्रश्न सातबाऱ्यापाशी येऊन थांबतो. ज्या घरातला माणूस दारोदार फिरून जन्म-मृत्यूची खबर गोळा करायचा, त्याच्या घरच्यांना कोतवाल बुकाखेरीज कुठं शोधणार? हेळवीही त्यांच्या दारी थांबत नाही.

आमच्या दारी थांबतो. दक्षिणेकडून येणारा हा वंशावळी सांगणारा माणूस पूर्वी बैलावर यायचा, यंदा मोटारसायकलवर आला. ओट्यावर वही उघडून त्यानं सात पिढ्या एका दमात म्हटल्या. मोजणीतलं नाव त्यात होतं, पाटावर आलेलंही होतं, दोघांच्या मध्ये दोन नावं जास्तीची. धान्य, पैसे, टोपी झाल्यावर त्यानं नव्या पिढीतली मुलं विचारली. माझ्या पुतणीनं स्वतःचं नाव सांगितलं, तर तो हसला. “पोरीबाळींची न्हाई लिहीत. त्या कुठं नांदाया गेल्या, कुणाला ठावं?”

“मला ठावं हाय,” आत्या आतून म्हणाली. “पाटावर गेलेलीपासून सांगते. लिही.”

त्यानं पेनाचं टोपण काढलं आणि विचारलं, “नाव काय तिचं?”