टेम्पो ते सौरगाडी : नव्या कंपनीचे पहिले गिऱ्हाईक

मराठीत 'टेम्पो' हा शब्द इतका मुरला आहे की तो एका जर्मन कारखान्याचे नाव होता, हे सांगितले तर लोकांना गंमत वाटते. हँबुर्गच्या 'विडाल आणि सन' या कंपनीच्या गाड्यांचे ते व्यापारी नाव. नगरचे स्वातंत्र्यसैनिक आणि वकील नवलमल फिरोदिया यांनी १९५८ मध्ये या कंपनीशी करार करून बजाज टेम्पो उभी केली आणि 'हॅनसिट' नावाची तीनचाकी मालगाडी भारतात बनू लागली. पुढे एक चाक, नाकाड पुढे आलेले, मागे हौदा. आजच्या भाषेत सांगायचे तर तीही एका नव्या कंपनीची, चारचौघींपेक्षा वेगळी दिसणारी गाडी होती. बैलगाडी आणि ट्रक यांच्यामध्ये काही असू शकते, हे तोवर आपल्याकडे फारसे कोणाच्या डोक्यात नव्हते.

साठच्या दशकात मूळ जर्मन कंपनी दुसऱ्या कारखान्यात विलीन झाली आणि तिचे नाव मागे पडले. इथली तीनचाकी मात्र त्यानंतरही काही दशके माल आणि माणसे वाहत राहिली. माझ्या मते याचे उत्तर कारखान्यात कमी आणि गावोगावच्या गॅरेजांत जास्त आहे. ती गाडी कोणताही मिस्त्री उघडू शकत होता. पाटा तुटला तर लोहार सांधत होता. कंपनी असो वा नसो, गाडी चालत होती.

हे सारे आठवायचे कारण व्यावहारिक आहे. शिरूर तालुक्यातल्या निमोणे गावी आमचे घर आणि थोडी शेती आहे. धाकटा भाऊ तिथे राहतो आणि त्याला चारचाकी घ्यायची आहे. त्याचे मन बसले आहे ते एका नव्या कंपनीच्या, छतावर सौर तबकड्या असलेल्या छोट्या विजेच्या गाडीवर. "दादा, नुसते पाच हजार भरून नंबर लावायचाय," असे तो म्हणाला. रक्कम लहान असली तरी तिच्यामागे घरातली चार-पाच लाखांची पुंजी उभी आहे. तेव्हा आजवर अशा गाड्यांच्या पहिल्या गिऱ्हाइकांचे काय झाले, हे पाहावे असे मी ठरवले.

निमोण्याची जागा या प्रश्नासाठी चांगली आहे. शिरूर हे पुणे-नगर रस्त्याच्या साधारण मध्यावर. या रस्त्याच्या एका टोकाला, पुण्यात वेताळ टेकडीवर, एआरएआय ही वाहनांची चाचणी घेणारी संस्था. दुसऱ्या टोकाला नगरजवळ (आता अहिल्यानगर) संरक्षण खात्याची व्हीआरडीई. देशात नवी गाडी विकायची तर जिची मान्यता चालते अशा मोजक्या संस्थांपैकी या दोन. आणि मध्ये रांजणगावच्या औद्योगिक वसाहतीत फियाट आणि टाटा यांचा सामायिक कारखाना, जिथे नेक्सॉन बनते. म्हणजे निमोण्याच्या माणसाला विजेची गाडी हे काही दूरचे नवल नाही. आमच्या शेजारपाजारची मुले ती जोडायला पाळीवर जातात.

महाराष्ट्रात एकट्या माणसाने गाडी उभी करण्याचा इतिहासही आहे. इचलकरंजीच्या शंकरराव कुलकर्णी यांनी चाळीसच्या दशकाच्या अखेरीस 'मीरा' या छोट्या मोटारीचा पहिला नमुना केला आणि पुढची दोन-अडीच दशके ते ती सुधारत राहिले. सुमारे बारा हजार रुपयांत ती विकता येईल असा त्यांचा हिशेब होता. परवाने, कर आणि भांडवल यांच्या जंजाळातून ती कारखान्यापर्यंत पोहोचली नाही. मीराचे गिऱ्हाईक बुडाले नाही, कारण गिऱ्हाईक होण्याची वेळच कोणावर आली नाही.

विजेच्या गाडीचा पहिला खरा धडा बंगळुरूचा. चेतन मैनी मिशिगन विद्यापीठात शिकत असताना तिथल्या विद्यार्थ्यांच्या 'सनरनर' या सौरगाडीच्या चमूत होते. त्या गाडीने १९९० मध्ये अमेरिकेतली शर्यत जिंकली होती. मैनी उद्योगसमूह आणि अमेरिकेतील एक कंपनी यांच्या भागीदारीतून १९९४ मध्ये रेवा कंपनी निघाली आणि २००१ मध्ये गाडी विक्रीला आली. पुढे दोन मोठी माणसे, मागे दोन लहान मुले. प्लास्टिकचे अंग, आसनांखाली सहा व्होल्टच्या आठ शिसे-आम्ल बॅटऱ्या, एका चार्जिंगमध्ये ऐंशी किलोमीटर. लंडनमध्ये ती 'जी-विझ' या नावाने विकली गेली, कारण तिथे शहरात शिरण्याचा गर्दीकर तिला माफ होता.

रेवाच्या मालकाची खरी परीक्षा गाडी घेताना नव्हती, ती तीन-चार वर्षांनी यायची, बॅटऱ्या बदलताना. शिसे-आम्ल बॅटरीचे आयुष्य तेवढेच. गाडी चालवण्याचा रोजचा खर्च नगण्य आणि मग एकदम मोठा फटका. लंडनमध्ये आणखी एक गोष्ट झाली. ही गाडी मोटार या वर्गात न बसता 'क्वाड्रिसायकल' या हलक्या वर्गात बसत असल्याने मोटारींच्या धडक-चाचण्या तिला लागू नव्हत्या. २००७ मध्ये ब्रिटिश सरकारने स्वतः चाचणी घेतली तेव्हा सुरक्षेबद्दल गंभीर शंका उभ्या राहिल्या. दहा-अकरा वर्षांत जगभर मिळून साडेचार हजारांच्या आसपास रेवा विकल्या गेल्या.

तरीही रेवाचे मालक वाऱ्यावर पडले नाहीत, कारण २०१० मध्ये महिंद्राने कंपनीतला ५५ टक्क्यांहून थोडा जास्त हिस्सा घेतला. हे नशीब म्हणायचे की कंपनीची गुणवत्ता, यावर वाद होऊ शकेल. मला दोन्ही वाटते. २०१३ मध्ये महिंद्राची ई-टू-ओ आली. तिची किंमत लोकांना जड वाटली तेव्हा बॅटरीचे पैसे वेगळे, महिन्याला सुमारे अडीच हजार रुपये, अशी योजनाही निघाली. बॅटरी भाड्याने देण्याची कल्पना आजची नाही, हे लक्षात ठेवावे.

सरकारी अनुदान हा दुसरा धागा. केंद्राने नोव्हेंबर २०१० मध्ये विजेच्या गाड्यांना सवलत सुरू केली आणि ती ३१ मार्च २०१२ रोजी संपली. ती संपताच विशेषतः विजेच्या दुचाकींची विक्री कोसळली. अनुदानाच्या भरवशावर उभी राहिलेली कंपनी म्हणजे पाटाच्या पाण्यावर लावलेला ऊस. आवर्तन चुकले की गेला. आमच्याकडे घोड धरणाच्या लाभक्षेत्रात हे कोणाला समजावून सांगावे लागत नाही.

पुण्याकडे वळू. इथल्या टॉर्क मोटर्सने आपली विजेची मोटारसायकल २०१६ मध्ये लोकांपुढे ठेवली आणि तिची विक्रीयोग्य आवृत्ती, 'क्रेटॉस', जानेवारी २०२२ मध्ये आली. सहा वर्षे. बजाजसारख्या मातब्बर कंपनीलासुद्धा 'क्यूट' ही छोटी चारचाकी जानेवारी २०१२ मध्ये दाखवल्यावर महाराष्ट्रात विकायला एप्रिल २०१९ उजाडला. क्वाड्रिसायकल हा वर्गच आपल्या कायद्यात नव्हता आणि प्रकरण न्यायालयात गेले होते. दाखवणे आणि देणे यांत सहा-सात वर्षांचे अंतर पडते हा आपल्याकडचा अनुभव आहे. परदेशात तर काही वेळा देणे झालेच नाही. जर्मनीच्या सोनो मोटर्सने अंगभर सौर तबकड्या लावलेल्या गाडीसाठी हजारो लोकांकडून आगाऊ पैसे घेतले आणि फेब्रुवारी २०२३ मध्ये प्रकल्प बंद केला. गिऱ्हाइकांचे पैसे हप्त्यांनी परत करण्याची वेळ आली.

आता भावाची गाडी. पुण्याच्या वायवे मोबिलिटीची 'ईव्हा' २०२३ च्या वाहनमेळ्यात प्रथम दिसली आणि जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत तिच्या किमती जाहीर झाल्या. दोन मोठे आणि एक मूल बसेल एवढी. लांबी तीन मीटरपेक्षा किंचित कमी. वेग ताशी ७० पर्यंत. सर्वांत लहान बॅटरी ९ युनिटांची आणि तिच्यावर १२५ किलोमीटर, असा कंपनीचा दावा. छतावरच्या तबकडीने वर्षाला ३,००० किलोमीटर फुकट. गाड्या २०२६ मध्ये मिळतील असे तेव्हा सांगितले गेले.

सौर दावा मी कागदावर तपासला. कडक उन्हात एक चौरस मीटरवर सुमारे हजार वॉट पडतात, चांगली तबकडी त्यातले दोनशे पकडते. दिवसाचे पाच तास धरले तर एक युनिट. हलकी गाडी एका युनिटात दहा किलोमीटर सहज जाते, म्हणजे वर्षाचे तीनशे दिवस उन्हाचे धरले की तीन हजार. दावा अवास्तव नाही. पण त्यासाठी गाडी उन्हात उभी राहायला हवी, आणि निमोण्यात कोणीही गाडी उन्हात लावत नाही. ती लिंबाखाली लागते. एप्रिलमध्ये उन्हात तापलेल्या गाडीत बसायचे आणि मग वाचवलेली वीज वातानुकूलनावर खर्च करायची, हा व्यवहार मला पटत नाही.

किमतीत मात्र खरा विचार करण्याजोगे आहे. सर्वांत स्वस्त गाडी बॅटरीशिवाय ३.२५ लाख आणि वर किलोमीटरला २ रुपये, बॅटरीसह ३.९९ लाख. फरक ७४ हजारांचा, म्हणजे ३७ हजार किलोमीटरला तो फिटतो. शिरूरच्या बाजाराला, न्हावऱ्याला, दवाखान्याला असे करत भावाची गाडी रोज तीस किलोमीटर तरी फिरेल. साडेतीन वर्षांत हिशेब उलटतो. रेवाचा अनुभव सांगतो की बॅटरी हाच या गाडीचा जीव. आणि कंपनी अडचणीत आली तर भाड्याची बॅटरी कोणाची, हा प्रश्न गिऱ्हाइकाच्या दारात येऊन उभा राहणार. घ्यायचीच तर बॅटरीसह घ्यावी, असे माझे मत आहे.

चार्जिंगची मला चिंता नाही. ९ युनिटांची बॅटरी घरच्या पंधरा अँपिअरच्या सॉकेटवर रात्रीत भरते, आणि गावठाणाची वीज शेतीपंपांसारखी आठवड्याच्या पाळ्यांवर चालत नाही. चिंता आहे ती रस्त्याची. हंगामात उसाच्या जोडट्रॉल्या निघतात, त्यांच्यामागे अंधारात तीन मीटरची गाडी आणि तीत वहिनी व पुतणी. पुणे-नगर रस्त्यावर मालट्रकांच्या रांगेत ७० चा वेग हा कधी पुरेसा आणि कधी अपुरा. रोजच्या गावातल्या फेऱ्यांना ती चालेल. पुण्याला जायला एसटी आहे.

गावच्या पतसंस्थेत कर्जाची चौकशी केली तेव्हा तिथल्या कारकुनाने एकच प्रश्न विचारला, "उद्या ओढून आणली तर घेणार कोण?" या सगळ्या वाचनात इतका नेमका प्रश्न मला दुसरीकडे भेटला नाही. हॅनसिटच्या बाबतीत त्याचे उत्तर होते : कोणीही घेईल, कारण कोणीही दुरुस्त करील. विजेच्या गाडीत इंजिन नाही, क्लच नाही, बिघडायला जागाच कमी. पण जे बिघडेल ते कंट्रोलरमध्ये, चार्जरमध्ये, बॅटरीच्या पेटीत. आणि त्या पेटीला कंपनीचे कुलूप असते.

म्हणून भावाला मी सांगितले आहे की नंबर लावायला हरकत नाही, पण पाच हजार परत मिळण्याची अट कागदावर वाचूनच. बाकीचे पैसे मात्र लोकांच्या हाती गाड्या पडून त्यांनी एक पावसाळा काढेपर्यंत ठेवीतच राहू देत. आणि गाडी पाहायला जाताना शिरूरच्या आपल्या गॅरेजवाल्याला आणि मोटारी गुंडाळणाऱ्या वायरमनला सोबत न्यायचे. गाडीखाली शिरून ते काय म्हणतात, ते ऐकून मग ठरवू.