जुनी होडी, नवं इंजिन

मंडळी, दिवाळीत नातवाने आपला जुना कॉम्प्युटर भंगारात काढायचं ठरवलं. नव्या ४के पडद्यावर त्याचे खेळ अडखळत होते म्हणे. मास्तरकीची सवय, म्हणून मी आधी गणित मांडलं.

१९८७ सालच्या व्हीजीए पडद्यावर ६४० गुणिले ४८०, म्हणजे ३,०७,२०० ठिपके. ४के पडद्यावर ८२,९४,४००. बरोबर सत्तावीस पट! पण ठिपके वाढले म्हणून प्रोसेसरचं काम फारसं वाढत नाही; ओझं पडतं ते ग्राफिक्स कार्डावर. १९९६ च्या 'वूडू' कार्डापासून खेळांतले ठिपके रंगवायचं काम प्रोसेसरकडून निघून कार्डाकडे जाऊ लागलं. १९९९ च्या 'जीफोर्स २५६'ने आकृत्यांचं गणितही उचललं.

आम्हा सातपाटीकरांना यात नवल ते काय? १९५० च्या दशकात इथल्या शिडाच्या होड्यांना इंजिनं बसू लागली. जोर नवा आला, तांडेल तोच राहिला. प्रोसेसर हा कॉम्प्युटरचा तांडेलच की!

पुण्याच्या सी-डॅकनेही २०१३ मध्ये सहप्रोसेसर जोडून 'परम युवा'ची क्षमता ५४ टेराफ्लॉपवरून ५२४ वर नेली.

शेवटी नातवाने कार्ड बदललं. त्याला वीज जास्त लागते म्हणून पॉवर सप्लायही बदलला. इंजिन आलं की डिझेलचा खर्च आलाच! बाकी सगळं जुनंच आहे, आणि खेळ सुरळीत चालतो.

असो. जुनं टाकण्याआधी नेमकं काय थकलंय, एवढं तरी बघावं. हे मी माझ्या वयामुळे म्हणतोय, असं मात्र समजू नका!