कॉफीचा ‘पूल’ : एका मोडलेल्या सरकारी व्यवस्थेची गोष्ट

बदली होऊन बंगळूरला आलेल्या मराठी माणसाला पहिला फरक जाणवतो तो हवेचा आणि दुसरा कॉफीचा. आपल्या घरी कॉफी म्हणजे दुधात उकळलेली, जायफळ घातलेली, बहुधा कोजागरीसाठी किंवा परीक्षेच्या जागरणासाठी राखून ठेवलेली वस्तू. येथे ती दिवसाची सुरुवात आहे. मल्लेश्वरम किंवा बसवनगुडीच्या कुठल्याही दर्शिनीत सकाळी सहा वाजता उभ्याउभ्या कॉफी पिणारे लोक दिसतात. दोघे मित्र आले तर ‘बाय टू’ मागतात आणि एक कॉफी दोन पेल्यांत वाटून घेतात. मीही आता त्या गर्दीतला एक झालो आहे.

२०२५ च्या सुरुवातीस न्यूयॉर्कच्या बाजारात अरेबिका कॉफीचा भाव पौंडाला चार डॉलरच्या वर गेला. थोड्याच दिवसांत आमच्या दर्शिनीच्या दरफलकावर जुना आकडा पुसून नवा लिहिला गेला. नेहमीच्या मंडळींनी कुरकुर केली आणि पेले उचलले. मला मात्र त्या पुसलेल्या आकड्याने वेगळ्याच विचारात टाकले. न्यूयॉर्कचा भाव आणि बंगळूरचा पेला यांचे नाते एकेकाळी इतके थेट नव्हते. पन्नासहून अधिक वर्षे त्या दोहोंच्या मध्ये एक सरकारी मंडळ उभे होते. त्या व्यवस्थेची ही हकीकत प्रशासनात काम करणाऱ्या प्रत्येकाने जाणून घ्यावी अशी आहे.

परंपरा असे सांगते की सतराव्या शतकात बाबा बुडन नावाच्या सूफी संताने येमेनच्या मोखा बंदरातून सात बिया लपवून आणल्या आणि चिक्कमगळूरजवळच्या चंद्रगिरी डोंगरावर लावल्या. त्याच शतकात, १६३८ मध्ये, शहाजीराजे जहागीरदार म्हणून बंगळूरला आले. मराठ्यांचे आणि कॉफीचे कर्नाटकातले आगमन असे जवळजवळ समकालीन आहे. मराठी सत्ता शतक संपण्यापूर्वी येथून गेली, कॉफी राहिली. एकोणिसाव्या शतकात इंग्रज मळेवाल्यांनी कोडगू, चिक्कमगळूर, हासन, निलगिरी येथे तिचा विस्तार केला. आपल्याकडे चिखलदऱ्यालाही त्यांनीच ती लावली.

सरकारचा संबंध आला तो मंदीमुळे. १९३० च्या दशकात भाव कोसळले, तेव्हा १९३५ च्या कायद्याने कॉफीवर उपकर बसवून एक समिती नेमण्यात आली. देशातच कॉफीचा खप वाढवणे हे तिचे काम. १९३६ मध्ये मुंबईत चर्चगेटला पहिले ‘इंडिया कॉफी हाऊस’ उघडले गेले ते याच प्रयत्नातून. पुढे ज्या टेबलांभोवती कवी, पत्रकार आणि बेकार पदवीधर तासन् तास बसले, ती टेबले मुळात एका उपकराच्या पैशातून आली होती, ही गोष्ट फारशी कुणाला ठाऊक नसते.

मग महायुद्ध आले आणि युरोपची बाजारपेठ बंद झाली. पीक तयार, पण गिऱ्हाईक नाही. सरकारने १९४० मध्ये वटहुकूम काढला आणि १९४२ मध्ये कायदा केला. त्यातून आजचे कॉफी बोर्ड आकारास आले. घरच्या वापरापुरती व बियाण्यापुरती कॉफी ठेवून बाकीची सर्व मंडळाच्या सामायिक साठ्यात जमा करणे मळेवाल्याला बंधनकारक झाले. या साठ्याला सगळे ‘पूल’ म्हणत. कुणाची कॉफी कुणाला विकली गेली याचा हिशेब उरत नसे. प्रतवारीनुसार गुण मिळत आणि गुणांनुसार पैसे. कायद्याच्या पंचविसाव्या कलमात असे स्पष्ट म्हटले होते की कॉफी एकदा जमा केल्यावर मालकाचा तिच्यावर कोणताही हक्क राहणार नाही, हक्क राहील तो फक्त मोबदल्याचा.

युद्धकाळाची ही तात्पुरती सोय युद्ध संपल्यावरही कायम राहिली. आपल्याकडे तात्पुरत्या सोयींचे आयुष्य नेहमीच दीर्घ असते. १९६२ मध्ये आंतरराष्ट्रीय कॉफी करार झाला आणि देशोदेशीचे निर्यात कोटे ठरू लागले. कोटा सांभाळायला एकच विक्रेता सोयीचा. सोव्हिएत संघाशी रुपयात चालणाऱ्या व्यापारालाही तेच सोयीचे होते. मंडळ काही प्रमाणात कॉफी देशात आणि बाकीची निर्यातीसाठी लिलावाने विकत असे. पैसे मळेवाल्याला हप्त्याहप्त्याने मिळत आणि शेवटचा हप्ता येईपर्यंत पुढचे पीक झाडावर आलेले असे.

मंडळाने काही गोष्टी वेळेत सोडल्याही. १९५७ मध्ये कॉफी हाऊस बंद करण्याचे ठरले, तेव्हा ए. के. गोपालन यांच्या पुढाकाराने कामगारांनी सहकारी संस्था काढून ती स्वतःकडे घेतली. त्यांतली पहिली संस्था बंगळूरचीच. महात्मा गांधी रस्त्यावरचे तिचे कॉफी हाऊस २००९ मध्ये चर्च स्ट्रीटला हलले, तेव्हा येथल्या जुन्या लोकांनी नातलग गेल्यासारखा शोक केला.

व्यवस्थेचा खरा स्वभाव उघड झाला तो १९८८ मधल्या एका खटल्यात. मंडळ मळेवाल्यांकडून कॉफी घेते ती खरेदी असेल, तर त्यावर राज्याचा खरेदी कर लागू होतो. मंडळाचे म्हणणे असे की ही खरेदी नव्हेच, हे कायद्याने केलेले सक्तीचे संपादन आहे. सर्वोच्च न्यायालयाने ते मानले नाही आणि ही विक्रीच आहे, सबब कर लागेल, असा निर्णय दिला. विचार करा : ज्याला न विकण्याची मुभा नाही, दर ठरवण्याचा अधिकार नाही, गिऱ्हाईक निवडता येत नाही, तो कायद्याच्या दृष्टीने विक्रेताच ठरला.

पुढच्याच वर्षी, जुलै १९८९ मध्ये, आंतरराष्ट्रीय करारातले कोटे मोडले. १९९१ मध्ये सोव्हिएत संघ विसर्जित झाला. पूल ज्या दोन खांबांवर उभा होता ते दोन्ही पडले. १९९२ पासून मळेवाल्यांना आपल्या कॉफीचा ३० टक्के हिस्सा देशात स्वतः विकण्याची परवानगी मिळाली, मग हा हिस्सा वाढत गेला. १९९४ मध्ये ब्राझीलमध्ये हिमकहर झाला आणि जागतिक भाव उसळले. खुल्या बाजाराची गोडी तेव्हा सगळ्यांना लागली. सप्टेंबर १९९६ मध्ये पूल पूर्णपणे संपला. त्याच वर्षी बंगळूरच्या ब्रिगेड रोडवर ‘कॅफे कॉफी डे’चे पहिले दुकान उघडले होते. एका युगाच्या शेवटाला आणि दुसऱ्याच्या आरंभाला इतका नेमका मेळ क्वचितच बसतो.

मी त्या काळात अर्थशास्त्रात एम. ए. करत होतो. ‘एकच खरेदीदार असलेली बाजारपेठ’ या प्रश्नाला मी कॉफीच्या पूलचे उदाहरण दिले होते. विलंब, अकार्यक्षमता, उत्पादकाला मिळणारा कमी भाव, सारे मुद्दे लिहिले. गुणही चांगले मिळाले. त्या उत्तरात काय राहून गेले, हे कळायला मला बंगळूरला यावे लागले.

काही वर्षांपूर्वी चिक्कमगळूरला एका लहान मळेवाल्याच्या घरी जाण्याचा योग आला. सहा एकर जमीन, ओसरीसमोर वाळत घातलेली कॉफी. माझी मोडकी कन्नड आणि त्यांची मोडकी हिंदी यांवर आमचे भागत होते. त्यांनी आतून पत्र्याची एक पेटी आणली. तीत वडिलांनी जपून ठेवलेल्या पूलच्या हप्त्यांच्या पावत्या होत्या, वर्षांनुसार दोऱ्याने बांधलेल्या. ते म्हणाले, “सर, तेव्हा पैसे उशिरा यायचे, पण यायचे. २००२ मध्ये पैसे त्याच दिवशी हातात पडले, पण तोडणीची मजुरीही त्यातून निघाली नाही.”

ते खोटे नव्हते. व्हिएतनामची कॉफी बाजारात लोटली आणि २००१-०२ च्या सुमारास न्यूयॉर्कमधला अरेबिकाचा भाव पौंडाला ५० सेंटच्याही खाली गेला. ज्यांना बाजार मोकळा मिळून जेमतेम पाच वर्षे झाली होती, ते कर्जात बुडाले. देशातल्या कॉफीच्या मळ्यांपैकी बहुसंख्य दहा हेक्टरहून लहान आहेत. थांबून भाव पाहण्याची ताकद त्यांच्यात कुठली?

मी विचारले, “मग पुन्हा पूल हवा का?” त्यांनी क्षणाचाही विचार न करता मान हलवली. “नको. पण पूल काढताना त्याच्या जागी काय ठेवायचे, हे कुणीतरी आम्हाला विचारायला हवे होते.”

परतीच्या वाटेवर हेच वाक्य मनात घोळत राहिले. पूल दोन कामे करत होता. एक, कॉफी विकणे. हे काम तो वाईट करत होता. दुसरे, चांगल्या-वाईट काळाची सरासरी काढून लहान माणसाला तगवून धरणे. हे काम त्याला कुणी नेमून दिले नव्हते, म्हणून फायलीत त्याची नोंदही नव्हती. पहिले काम बंद करण्याचा निर्णय योग्यच होता. त्याबरोबर दुसरेही बंद झाले, हे मात्र कुणाच्या लक्षात आले नाही. माझ्याही उत्तरपत्रिकेत ते नव्हते.

आंबेडकर वीधीवरचे कॉफी बोर्ड आजही आहे. संशोधन, दर्जा, निर्यातीला प्रोत्साहन ही त्याची आता मुख्य कामे. १९४२ चा कायदा रद्द करून नवा आणण्याचा मसुदा वाणिज्य मंत्रालयाने २०२२ मध्ये पुढे आणला होता. माझ्या नोकरीत मीही काही जुनी कार्यालये बंद करण्याच्या टिपण्या लिहिल्या आहेत आणि त्या चुकीच्या होत्या असे मला वाटत नाही. परंतु आता अशी फाईल समोर आली की मी एक प्रश्न अधिक लिहितो : हे कार्यालय न सांगता काय करते आहे?

असो. आज सकाळी दर्शिनीत शेजारच्या गृहस्थांनी ‘बाय टू’ मागवली आणि अर्धा पेला माझ्याकडे सरकवला. भाव वाढला की तो वाटून घेण्याची बंगळूरकरांची ही स्वतःची पद्धत. तिला कायदा लागत नाही; फक्त शेजारी कुणीतरी असावे लागते.