कोजीची उलटतपासणी

1960 साली इंग्लंडच्या दक्षिण आणि पूर्व भागात टर्कीची पिल्ले पटापट मरू लागली. काही महिन्यांत लाखभर पक्षी गेले. कुठलाच जंतू हाती लागेना, तेव्हा पशुवैद्यांनी या रोगाला ‘टर्की एक्स’ म्हणायला सुरुवात केली. माग काढता काढता संशय लंडनच्या एका खाद्य गिरणीवर आणि तिथून ब्राझीलहून आलेल्या शेंगदाण्याच्या पेंडीवर गेला. पेंडीत ‘अ‍ॅस्परजिलस फ्लेव्हस’ ही बुरशी माजली होती. तिने तयार केलेले अफ्लाटॉक्सिन हे विष पक्ष्यांच्या यकृताचा घास घेत होते.

पुढे हे संकट फक्त पक्ष्यांपुरते उरले नाही. 1974 साली गुजरातेतील पंचमहाल आणि राजस्थानातील बांसवाडा भागात पावसात भिजलेला मका खाऊन शंभरावर माणसे दगावली. घरातली तीच भाकरी खाणारी कुत्रीही आजारी पडली होती.

इंग्लंडातल्या टर्कींमुळे झोप उडाली ती मात्र जपानी कारखानदारांची. साके हे मद्य, मिसो आणि सोया सॉस या सगळ्यांचे मूळ कोजी. वाफवलेल्या तांदळावर किंवा सोयाबीनवर ‘अ‍ॅस्परजिलस ओरायझी’ वाढवायची, म्हणजे ती पिष्टाची साखर करते आणि प्रथिने फोडते. अडचण अशी की ही ओरायझी त्या विषारी फ्लेव्हसची अगदी सख्खी बहीण. दोघींचे रूप इतके सारखे की जाणकारही फसावेत. सारा देश शतकानुशतके जी बुरशी पोटात घालत होता, तिच्याबद्दल आता ‘हीसुद्धा विष करते का?’ असे विचारणे भाग पडले.

या बुरशीचा व्यापार जुना. पंधराव्या शतकात क्योतोतील कितानो देवस्थानाच्या आश्रयाखालच्या संघाकडे कोजीचा मक्ता होता. मद्य गाळणारे स्वतःच कोजी करू लागले तेव्हा तंटा पेटला. 1444 मध्ये प्रकरण हातघाईवर आले, देवस्थानात आग लागली आणि मक्ता मोडला. पुढे कोजीचे ‘बी’, म्हणजे वाळलेले बीजाणू विकणारी घराणी नावारूपाला आली. त्यांची एक युक्ती थक्क करणारी आहे: भातात लाकडाची राख मिसळायची. राखेच्या अल्कधर्मी गुणामुळे नको ते जीव मागे पडतात, कोजी तगते आणि बीजाणूही भरपूर धरते. सूक्ष्मदर्शकाच्या कितीतरी आधी हे लोक शुद्ध वाण जपत होते.

एकोणिसाव्या शतकात जर्मन संशोधकांनी बुरशीला शास्त्रीय नाव दिले. 1894 मध्ये जोकिची ताकामिने यांनी तिच्यापासून काढलेल्या पाचक विकराचे अमेरिकेत पेटंट घेतले. एवढ्या वाटचालीत ती विषारी असेल असे कुणाच्या मनात आले नव्हते. येण्याचे कारणही नव्हते.

1960च्या दशकात मात्र कारखान्यांतले वाण एकेक करून तपासले गेले. अफ्लाटॉक्सिन अतिनील किरणांत निळे किंवा हिरवे चमकते. गंमत म्हणजे कोजीच्या अनेक वाणांतले अर्कही चमकले आणि घबराट उडाली. बारकाईने पाहता ते पदार्थ वेगळेच निघाले. कारखान्यातल्या एकाही वाणात अफ्लाटॉक्सिन सापडले नाही.

खरा उलगडा व्हायला 2005 साल उजाडले. ओरायझीचा जीनोम वाचला गेला तेव्हा विष करणाऱ्या जनुकांचा गठ्ठा तिच्यातही जागेवरच दिसला, पण मोडतोड झालेला आणि निष्क्रिय. काही वाणांत तर त्याचा मोठा भागच गायब होता. म्हणजे परंपरेने निवड योग्य केली होती, पण का योग्य, ते तिला सांगता येत नव्हते. शिवाय सायक्लोपियाझोनिक आम्लासारखी दुसरी विषे ओरायझीचे काही वाण करू शकतात, त्यामुळे एका वाणाला मिळालेली निर्दोषत्वाची पावती शेजारच्या वाणाला लागू पडत नाही.

कायद्याची वाट वेगळी होती. अमेरिकेने अन्नकायद्याच्या 1958 च्या दुरुस्तीत त्या वर्षाच्या आधीपासून सर्रास खाल्ल्या जाणाऱ्या पदार्थांच्या बाबतीत जुन्या वापराचा अनुभव ग्राह्य मानला. युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने 2007 पासून ‘सुरक्षित असल्याचे सशर्त गृहीत’ धरण्याची यादी केली. प्रजातीची ओळख पक्की, इतिहास स्वच्छ आणि प्रतिजैविकांना दाद न देण्याचा गुण दुसऱ्या जंतूला देण्याची भीती नसेल, तर पूर्ण तपासणीतून सूट. तंतुमय बुरशींना मात्र त्या यादीत जागा मिळाली नाही. इतक्या शतकांची कोजीसुद्धा बाहेरच राहिली. कडक वाटेल, पण फ्लेव्हसशी असलेले नाते पाहता हा निर्णय पटतो.

पशुखाद्यात याहून झणझणीत प्रकरण घडले. जपानी मातीतून मिळालेला एक बॅसिलस ‘टोयोसेरिन’ नावाने डुकरे आणि कोंबड्यांच्या खाद्यात दीर्घकाळ दिला जात होता. युरोपने 2006 पासून वाढीसाठी प्रतिजैविके देण्यावर पूर्ण बंदी घातल्यावर अशा जिवाणूंकडे खाद्य कंपन्यांचा ओढा वाढला होता. पण हा बॅसिलस पोटात विषबाधा करणाऱ्या ‘बॅसिलस सिरियस’च्या गोतावळ्यातला. 2012 मध्ये युरोपीय तज्ज्ञांनी म्हटले की त्याच्यात टेट्रासायक्लिन आणि क्लोरॅम्फेनिकॉलला न जुमानणारी जनुके आहेत, शिवाय विष तयार करण्याची क्षमताही. 2013 मध्ये परवानगी स्थगित झाली. त्याच वर्षी संशोधकांनी या जिवाणूला ‘बॅसिलस टोयोनेन्सिस’ अशी स्वतंत्र प्रजाती म्हणून नोंदवले, पण नव्या नावाने जनुके बदलत नाहीत. 2015 मध्ये युरोपने त्याला नकार दिला.

भारतात 2011 साली वैद्यकीय संशोधन परिषद आणि जैवतंत्रज्ञान विभागाने प्रोबायोटिक अन्नासाठी मार्गदर्शक तत्त्वे काढली. त्यांतही प्रजातीबरोबर नेमक्या वाणाची ओळख मागितली आहे. शेजारणीकडून वाटीतून आणलेल्या विरजणाला अशी ओळख नसते, आणि त्याला हा नियम लागूही नाही. बाजारात प्रोबायोटिक म्हणून विकल्या जाणाऱ्या बाटलीवर मात्र वाणाचे नाव छापलेले असायला हवे, आणि ते असते की नाही हे दुकानात उभ्या उभ्या पाहता येते.