जनरेटर, घरगुती : इंधनपुरवठा व गॅसवर रूपांतर (भिवंडी)

वीज गेल्यावर दिवे, पंखे, फ्रिज आणि पाण्याची मोटर चालवण्याइतकी वीज घरीच निर्माण करणारे लहान जनित्र. घरांत बहुधा १ ते ५ केव्हीए क्षमतेची यंत्रे वापरतात. भिवंडीत इन्व्हर्टरची बॅटरी जास्त घरांत दिसते, पण वीज बराच वेळ आली नाही की बॅटरी उतरते आणि जनरेटर लागतोच.

ठाणे जिल्ह्यातील हे यंत्रमागांचे शहर. खाली माग आणि वर बिऱ्हाड अशी रचना असलेल्या इमारती येथे पुष्कळ. तेथे वीज गेली की मजुरी आणि घर दोन्ही एकाच वेळी अडतात. २००५ नंतरच्या काही वर्षांत महाराष्ट्रभर भारनियमनाचे तास लांबले, तेव्हा जनरेटरचा आवाज हा अशा गल्ल्यांचा नेहमीचा आवाज होता. २६ जानेवारी २००७ रोजी महावितरणने शहराचे वीजवितरण टोरेंट पॉवर या कंपनीकडे फ्रँचायझी पद्धतीने सोपवले. देशातला हा अशा स्वरूपाचा पहिला प्रयोग होता. त्यापूर्वी गळती, चोरी आणि थकबाकी धरून निम्म्याहून अधिक वीज वसुलीविना जात असे. पुढे पुरवठा सुधारला, तरी जनरेटरची गरज संपली नाही. १२ ऑक्टोबर २०२० रोजी कळवा–पडघे या ४०० किलोव्होल्ट मार्गावरील बिघाडानंतर मुंबई, ठाणे आणि नवी मुंबईचा मोठा भाग काही तास अंधारात गेला. पडघ्याचे उपकेंद्र भिवंडी तालुक्यातच आहे. चंद्रपूरहून येणारी उच्चदाब एकदिश वाहिनी तेथेच उतरते. एवढी मोठी वीज तालुक्यातून वाहत असली, तरी घरातल्या दिव्याची हमी त्यातून मिळत नाही.

इंधन. पूर्वी पेट्रोलवर सुरू करून रॉकेलवर चालवायची यंत्रे लोकप्रिय होती. रॉकेल स्वस्त पडे, पण काजळी आणि वास सोसावा लागे. आज लहान यंत्रे पेट्रोलवर व मोठी डिझेलवर चालतात. लहान डिझेल यंत्र एका लिटरमध्ये साधारण ३ युनिट वीज देते. अडचण साठवणीची आहे. पेट्रोलियम कायद्यानुसार परवान्याशिवाय घरी ठेवता येणारे पेट्रोल ३० लिटरपेक्षा जास्त असून चालत नाही. डिझेलची मर्यादा २,५०० लिटर आहे. पण सूत, कापड आणि तेलकट कपाशीचा धूळकचरा यांनी भरलेल्या इमारतीत डिझेलचा एक कॅनही धोक्याचाच. जिन्याखाली कॅन ठेवण्याची सवय या मर्यादेत बसत असली तरी ती मोडायला हवी. शिवाय पडून राहिलेल्या पेट्रोलचा चिकट थर कार्ब्युरेटरमध्ये साचतो आणि पावसाळ्याच्या दमट हवेत डिझेलच्या टाकीत पाणी धरते. वर्षातून चार वेळा लागणारे यंत्र नेमक्या वेळी सुरू होत नाही, त्याचे कारण बहुधा हेच असते.

गॅसवर रूपांतर. गॅस शिळा होत नाही, हा त्याचा मोठा गुण. पेट्रोल इंजिनात ठिणगीचा प्लग असतोच, त्यामुळे बदल सोपा : कार्ब्युरेटरच्या तोंडाशी गॅस व हवा मिसळणारा मिक्सर, आणि त्याआधी इंजिनाने ओढले तरच गॅस सोडणारा रेग्युलेटर. इंजिन बंद पडले की गॅसही आपोआप थांबला पाहिजे. संपूर्ण जोडणीत याहून महत्त्वाचे काही नाही. वायू इंजिनाच्या सिलिंडरमधील हवेची जागा व्यापतो म्हणून शक्ती घटते : एलपीजीवर सुमारे १० टक्के, नैसर्गिक वायूवर १५ ते २० टक्के. एका घनमीटर एलपीजी वायूत नैसर्गिक वायूच्या अडीचपटीहून अधिक उष्णता असते, त्यामुळे एकासाठी बसवलेला जेट (गॅस सोडणारे बारीक छिद्र) दुसऱ्याला चालत नाही. डिझेल इंजिनाला प्लग नसतो आणि दाबाच्या उष्णतेने हा गॅस भरवशाने पेटत नाही. थोडे डिझेल ठिणगीसारखे वापरून उरलेले काम गॅसवर करण्याची दुहेरी पद्धत आहे, पण ती कारखान्याच्या आकाराला परवडते, घराला नाही.

स्वयंपाकाचा १४.२ किलोचा घरगुती सिलिंडर जनरेटरला जोडणे बेकायदा आहे; त्यासाठी १९ किलोचा व्यावसायिक सिलिंडर घ्यावा लागतो. दीड किलोवॉट भारावर तो अंदाजे ३० तास पुरावा. प्रत्यक्षात सतत वायू ओढल्याने सिलिंडर गार पडतो, त्यावर दव धरते आणि दाब उतरतो. म्हणून दोन सिलिंडर जोडून चालवणे बरे. एलपीजी हवेपेक्षा जड असल्याने गळती झाल्यास ती जमिनीलगत, गटारात आणि तळघरात साचते. नैसर्गिक वायू हलका असून वर जातो.

भिवंडी महानगर गॅसच्या पुरवठा क्षेत्रात येते. पाइप गॅस पोहोचलेल्या घरात साठवणच उरत नाही, आणि दाट वस्तीसाठी मला हाच मार्ग सर्वांत योग्य वाटतो. मात्र घरात दाब सुमारे २१ मिलिबार इतकाच असतो आणि लहान घरगुती मीटरमधून तासाला साधारण अडीच घनमीटर गॅस जातो. दीड किलोवॉटला पाऊण घनमीटर पुरेल, पण पूर्ण भारावरचा ५ केव्हीए जनरेटर एकटाच दोन घनमीटरच्या आसपास घेईल. शेगडी व गीझर चालू असतील तर ज्योत बसते. मीटरपुढची जोडणी गॅस कंपनीच्या परवानगीने व तिच्या अधिकृत माणसाकडूनच करायची असते.

गॅसचा धूर स्वच्छ दिसतो, म्हणून फसगत होते. त्यातही कार्बन मोनॉक्साइड असतो आणि त्याला वास नसतो. यंत्र बंद गॅलरीत, जिन्यात किंवा शेजाऱ्याच्या खिडकीखाली ठेवू नये. कामवारी नदीचे पाणी शिरणाऱ्या सखल भागात ते आणि गॅसचा रेग्युलेटर उंच ओट्यावर असावेत. घरातल्या वायरिंगशी जोडणी चेंजओव्हर स्विचमधूनच, म्हणजे एका वेळी एकच पुरवठा जोडणाऱ्या स्विचमधूनच हवी. नाहीतर घरातली वीज उलटी वाहिनीत जाते आणि खांबावर दुरुस्ती करणाऱ्या वायरमनच्या जिवावर बेतते.