डाव्या हाताचा इतिहास

सुतारकामाचा इतिहास लोक हत्यारांवरून सांगतात. मला तो डाव्या हातावरून सांगायचा आहे. खिळा ठोकतो उजवा हात, जखमी होतो बहुतेक वेळा डावा. आणि तो डावा हात कुठे ठेवायचा, हे आमच्या उपनगरातल्या धंद्यात एका पिढीत पार बदललं.

माझे बाबा राजापूर तालुक्यातून गोरेगावला आले ते सिनेमाच्या सेटवर सुतारकाम करायला. मालाडला बॉम्बे टॉकीज 1934 मध्ये सुरू झाली होती, गोरेगावात फिल्मिस्तान 1943 मध्ये. या स्टुडिओंमुळे या पट्ट्यात सुतारांना बारमाही काम मिळू लागलं. सेटचं काम घरच्या फर्निचरपेक्षा निराळं. महाल उभा करायचा तो मोडण्यासाठीच. म्हणून बाबा खिळा पुरता बसवत नसत, डोकं थोडं वर ठेवत, म्हणजे हातोडीच्या चिमट्यात ते पकडता येई आणि लाकूड पुन्हा वापरता येई. मूठभर खिळे तोंडात, एक डाव्या हाताच्या दोन बोटांत. पहिला घाव हलका, खिळा उभा राहीपर्यंत. मग बोटं काढायची आणि खरा घाव घालायचा. बारीक चुका, म्हणजे लहान खिळे, असल्या तर त्या जाड कागदाच्या पट्टीत टोचून धरायच्या, म्हणजे बोटं लांब राहतात. "आधी डावा हात बघ, मग हातोडी उचल," हे मी त्यांच्याकडून लहानपणापासून ऐकलं. तरी अंगठा काळा पडायचाच. पण हातोडी वर जाते आणि खाली येते, तेवढ्यात डोळ्याला सावध व्हायला वेळ असतो. त्या वेळात पूर्वीच्या सुताराची सगळी सुरक्षा होती.

घरगुती फर्निचरमध्ये तेव्हा खिळ्यांना मान नव्हता. कूस आणि खाच नीट बसली, गरम सरस लावला, की काम झालं. 1959 मध्ये मुंबईत पिडिलाइटचं फेव्हिकॉल आलं. सरस शिजवत बसायची गरज संपली. पण हा पांढरा गम सुकेपर्यंत दोन्ही फळ्या एकमेकींवर घट्ट दाबून ठेवाव्या लागतात. फ्लॅटमध्ये बसून कपाटं करणाऱ्यांकडे इतके शिकंजे कुठून येणार? ते काम खिळ्याने घेतलं. ऐंशीच्या दशकात अंधेरीला लोखंडवाला संकुल उभं राहिलं, घरोघरी प्लायवूड आणि सनमायकाची कपाटं बसू लागली, कोकणातल्या सुतारांच्या जोडीला राजस्थानचे आणि उत्तर प्रदेशचे कारागीर आले. जोगेश्वरी-ओशिवऱ्याचा फर्निचर बाजार वाढला. खिळा बारीक झाला आणि खिळ्यांची संख्या भरमसाट वाढली.

हवेच्या दाबावर चालणारी खिळ्याची गन जन्माला आली ती नेमकी गम सुकेपर्यंत लाकूड दाबून धरण्याच्या याच गरजेतून, आणि तीही विमानाच्या कामात. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेत ॲल्युमिनियमची टंचाई होती, म्हणून हॉवर्ड ह्यूजने एक अवाढव्य विमान बर्चच्या लाकडाचं करायला घेतलं. त्याच्या चिकटवलेल्या लाकडाला तात्पुरते खिळे मारण्यासाठी मॉरिस पिनूस या अभियंत्याने ही गन बनवली. गम सुकला की खिळे काढून टाकत. ते विमान 2 नोव्हेंबर 1947 रोजी एकदाच, अगदी थोडा वेळ उडालं. गन मात्र 1950 मध्ये तिथल्या बाजारात आली. घरांच्या लाकडी जमिनी ठोकणारा माणूस उभ्यानेच मिनिटाला 40 ते 60 खिळे मारू लागला. आमच्याकडे ती फार उशिरा पोहोचली. 1991 नंतर आयात मोकळी झाली आणि पुढे मुंबईतल्या नागदेवी स्ट्रीटच्या हत्यारांच्या दुकानांत तैवान-चीनच्या गन टांगलेल्या दिसू लागल्या.

गन आली आणि डावा हात खिळ्यापासून सुटला. तो आता प्लायची कड धरतो, आणि घात तिथेच आहे. 18 मिलिमीटरच्या प्लायच्या कडेत केसभर तिरका गेलेला खिळा गाठीला किंवा आधीच्या खिळ्याला आपटून वळतो आणि बाजूने बाहेर येतो. डोळ्याला काही कळायच्या आत. म्हणून माझ्या कारखान्यात डावा हात गनच्या नाकापासून निदान एक फूट लांब असतो, आणि पलीकडच्या बाजूला कोणी उभं राहत नाही.

चाप दोन प्रकारचे असतात. एकात चाप दाबून ठेवायचा आणि नाक टेकवत जायचं; टेकेल तिथे खिळा. दुसऱ्यात प्रत्येक खिळ्यासाठी आधी नाक दाबायचं, मग चाप ओढायचा. अमेरिकेत 2011 मध्ये सरकारी आरोग्य व सुरक्षा संस्थांनी ठेकेदारांसाठी काढलेल्या पुस्तिकेत, तिथे वर्षाला सुमारे 37,000 लोक खिळ्याच्या गनच्या जखमांमुळे तातडीच्या उपचारांसाठी येतात, असा अंदाज दिला आहे. पहिल्या प्रकारच्या चापात दुखापतीचा धोका दुप्पट, हेही त्यात आहे. कारण सोपं आहे: पहिल्या खिळ्याच्या झटक्याने गन उसळते, परत टेकते आणि न मागता दुसरा खिळा सुटतो.

त्याहून वाईट गोष्ट मी इथे पाहिली आहे. काम उरकावं म्हणून गनचं नाक तारेने मागे बांधून ठेवतात. मग ती हवेतही सुटते. एका साइटवर अशाच गनने शेजारच्या पोराच्या तळहातात खिळा घुसला, आणि कोणीतरी तो पकडीने ओढून काढायला निघालं. तसं कधीही करू नये. खिळ्याला चिकट लेप असतो, तो आत कापडाचे धागेही नेतो. खिळा आहे तसा ठेवून थेट रुग्णालय गाठायचं. गनमध्ये अडकलेला खिळा काढायचा तर आधी हवेची नळी सोडायची, आणि शिडीवर चढताना बोट चापावर नको.

बांधकाम कामगारांसाठी 1996 मध्ये झालेला कायदा दहा किंवा अधिक कामगार असलेल्या कामांसाठी लिहिला गेला. मुलुंडच्या एखाद्या फ्लॅटमध्ये कपाटं करणारे तिघे त्यात कुठे बसायचे? त्यांचा निरीक्षक म्हणजे त्यांचा मिस्त्रीच. गनच्या खोक्यात मिळणारी पुस्तिका इंग्रजीत असते, आणि ती बहुतेक वेळा पहिल्याच दिवशी खोक्याबरोबर भंगारात जाते. विकणाऱ्याने दर खिळ्याला वेगळा दाबावा लागणारा चाप बसवूनच गन द्यावी, आणि सोबत हिंदी-मराठीत एक पानभर सूचना, चित्रांसकट. त्या पानावर सर्वात वर डाव्या हाताचं चित्र हवं.