जेनेस्टीलर पंथ

जेनेस्टीलर पंथ : ‘वॉरहॅमर 40,000’ या टेबलावर मांडून खेळायच्या युद्धखेळातील गुप्त संघटना. 1987 साली आलेला हा खेळ ब्रिटनमधील नॉटिंगहॅमच्या गेम्स वर्कशॉप कंपनीचा.

पंथाचे मूळ म्हणजे अनेकदा खाणीत लपलेला एकच परग्रहवासी जीव, जेनेस्टीलर. तो कामगारांच्या शरीरात आपले बीज पेरतो आणि त्यांच्या पोटी संकरित मुले जन्मतात. पहिली पिढी उघडउघड राक्षसी. चौथी मात्र माणसांत सहज खपून जाते. टक्कल आणि कपाळावरचे उंचवटे, एवढीच काय ती खूण! मूळ जीव ‘पॅट्रिआर्क’ म्हणून पूजला जातो. ‘मॅगस’ उपदेश करतो, ‘प्रायमस’ लढाया आखतो.

उठावाची बरीच हत्यारे खाणीतली असतात : ड्रिल, दगडकापी करवती, सुरुंग. पिळल्या गेलेल्या कामगारांचा संताप खरा असतो, मुक्तीचे वचन तेवढे खोटे. पंथाच्या मानसिक हाकेने टिरॅनिड या परग्रहवासी जीवांचे थवे अवकाशातून येतात आणि भक्तांसकट अख्खा ग्रह फस्त करतात.

जेनेस्टीलर 1989 च्या ‘स्पेस हल्क’ या खेळामुळे गाजले. 2016 मध्ये ‘डेथवॉच : ओव्हरकिल’ या खेळात घोसार क्विंटस ग्रहावरील खाणकामगारांचा पंथ नव्या प्लास्टिक प्रतिमांसह अवतरला, त्याच वर्षी पंथाचे स्वतंत्र नियमपुस्तकही निघाले.